अ‍ॅव्हरेजचं भांडण

संध्याकाळी गाडी शेडखाली लावून मी ओटीवर पाय ठेवायच्या आत माझे दीर विचारायचे, "वहिनी, आज अ‍ॅव्हरेज किती पडला?"

पाणी नाही, दमलात का नाही. आधी अ‍ॅव्हरेज. मी आकडा सांगायची. मग ते स्वतः गाडीत बसून चावी फिरवायचे आणि स्क्रीनवर तोच आकडा आहे की नाही ते बघून यायचे. मी खोटं सांगितलं असेल असा त्यांचा रोजचा अंदाज असायचा.

आमचं घर नरपडला. माझे यजमान बोटीवर, इंजिनरूममध्ये. वर्षातला बराचसा काळ ते समुद्रावर असतात. घरात सासूबाई, मी आणि हे दीर. दिरांचं लग्न झालेलं नाही. ते उंबरगावला एका कंपनीत जातात, सकाळची ट्रेन डहाणूहून पकडतात. मी तलासरीला एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. पूर्वी मी एस.टी. आणि जीप अशी बदलाबदली करत जायची. यजमानांनी मागच्या सुट्टीत नवीन गाडी घेतली ती माझे हे हाल थांबावेत म्हणून, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. गाडी चालवायला मी माहेरीच शिकले होते. तरी पहिल्या दिवशी चावी माझ्या हातात देताना दिरांचं तोंड असं झालं होतं, जणू काही दागिना गहाण पडतोय.

गाडीला क्रूझ कंट्रोल होतं. घरातल्या कोणालाही ते वापरायची गरज नव्हती, पण दिरांना त्याचं भारी कौतुक. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की ठरवलेला वेग गाडी आपला आपण धरून ठेवते, पाय पेडलवरून काढून बसता येतं. ब्रेक किंवा क्लच दाबला की ते सुटतं, पुन्हा बटण दाबावं लागतं.

"वेग एकसारखा राहिला की पेट्रोल कमी लागतं," दीर मला समजावून सांगायचे, मी शाळेतली मुलगी असल्यासारखं. "तुमचा पाय एकसारखा राहत नाही. बायकांचा पाय हलका-जड होत राहतो. मशीनचा होत नाही."

"मग मी काय करू?"

"चारोटीवरून जा. हायवेला लागलात की ऐंशीला लावा आणि पाय वर घ्या."

नरपडहून तलासरीला जायला दोन वाटा आहेत. एक बोर्डीवरून झरीमार्गे, आतली. अरुंद आहे, वळणं आहेत, मध्ये चढउतार आहेत, पण जवळची. दुसरी डहाणूतून चारोटीला जाऊन हायवेने वर. ती जवळजवळ दुप्पट लांब पडते. घरात रोजची कटकट नको म्हणून मी काही आठवडे ती लांबची वाट धरली. सकाळी लवकर निघायची, चारोटीला हायवे लागला की बटण दाबायची. स्क्रीनवरचा आकडा खरोखर चढला. दीर खूश झाले. सासूबाई म्हणाल्या, "बघ, त्याचं ऐकलंस तर चांगलंच होतं."

पण टाकी आधीपेक्षा लवकर रिकामी व्हायला लागली. होणारच. वाटच दुप्पट. मी हे दिरांना सांगितलं तेव्हा ते हसले.

"टाकी बघायची नसते, वहिनी. अ‍ॅव्हरेज बघायचा असतो."

हा माणूस कंपनीत सुपरवायझर आहे. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना आपण काय बोललो ते कळलं होतं आणि तरीही ते तेच बोलत होते. त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की यात पेट्रोलचा काही संबंध नाही. पण मी तो विचार बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बोर्डीची वाट धरली आणि ठरवलं, यांना याच रस्त्यावर, माझ्याच पायाने आकडा आणून दाखवते.

रागाने माणूस बऱ्याच गोष्टी शिकतो. मी तो रस्ता शिकले. गतिरोधक कुठे आहेत ते पाठ केलं, आणि ते यायच्या बऱ्याच आधी पाय उचलायला लागले, म्हणजे ब्रेक लागायचाच नाही. बोर्डीत शाळेच्या वेळेला सायकलींचे घोळके असतात, तिथे घाई करून काही मिळत नाही, म्हणून घाई सोडली. झरीकडचा चढ आला की पूर्वी मी वेग टिकवायला पाय दाबायची. आता चढावर काटा थोडा खाली येऊ द्यायला लागले आणि उतारावर गाडीला तिची ती सुटू द्यायला. टायरची हवा दर आठवड्याला बघायची. डिकीत दिरांनी नारळाची दोन पोती तशीच ठेवलेली असायची, कोणाकडे तरी पोचवायची म्हणून. ती मी ओढून काढली आणि त्यांच्या खाटेजवळ नेऊन ठेवली.

महिनाभराने आतल्या रस्त्यावर माझा आकडा हायवेच्या आकड्याला जाऊन भिडला. त्या संध्याकाळी दीर गाडीत जाऊन बघून आले आणि थेट हातपाय धुवायला गेले. मला फार बरं वाटलं. जेवताना त्यांनी आमटी आळणी झाल्याचं सांगितलं. आमटी आळणी नव्हती.

मग एप्रिलमध्ये एके दिवशी ते ओटीवर बसल्या बसल्या म्हणाले, "आज झरीच्या पुढे गाडी उभी करून इंजिन का चालू ठेवलं होतं? त्यात अ‍ॅव्हरेज मेला ना."

मी चप्पल काढत होते, तशीच थांबले. मी खरंच तिथे थांबले होते. यजमानांचा बोटीवरून फोन आला होता. त्यांना नेट मिळतं तेव्हाच ते फोन करतात, आणि झरीच्या पुढे एका जागी मला चांगली रेंज असते. ऊन रणरणत होतं म्हणून एसी चालू ठेवून मी झाडाखाली बोलत बसले होते. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे कोणी? कोणाशी बोलत होता एवढा वेळ?"

"तुमच्या भावाशी."

"असेल," ते म्हणाले. त्या "असेल"मध्ये जे होतं ते सासूबाईंनाही कळलं. त्या निवडायला घेतलेल्या तांदळात खाली बघत राहिल्या.

पुढचे दोन-तीन दिवस मी डोकं लढवत होते. झरीच्या पुढे ओळखीचं कोण बघणार, कोण यांना सांगणार? मग एका सुट्टीच्या सकाळी त्यांचा फोन ओटीवर चार्जिंगला लावलेला होता आणि ते विहिरीकडे गेले होते. मी गाडी घेऊन बाजारात जाऊन आले, इंजिन बंद केलं, ओटीवर चढले आणि त्यांच्या फोनचा पडदा उजळला. आमच्या गाडीचं चित्र आणि खाली लिहिलेलं, प्रवास संपला. किती लांब गेली, कुठून कुठे गेली, वेग किती होता, किती वेळा जोरात ब्रेक लागला, इंजिन चालू ठेवून किती वेळ उभी होती. शेवटी चालवणाऱ्याला गुण.

गाडीत सिम असतं हे मला माहीत नव्हतं. गाडी घेतली तेव्हाच्या कागदांवर यजमानांनी सह्या केल्या होत्या, आणि बोटीवर जायच्या आधी हे सगळं भावाच्या फोनवर चालू करून दिलं होतं.

दीर विहिरीवरून आले. फोन मी हातातच धरला होता.

"हे काय आहे, भावजी?"

मला वाटलं होतं गडबडतील. अजिबात नाही. त्यांनी टॉवेलने मान पुसली आणि हात पुढे केला. "दादाने दिलंय मला. फोन द्या."

"रोज आकडा विचारत होतात. तो तर तुम्हाला आधीच दिसत होता."

"तुम्ही खरं सांगता की नाही ते बघत होतो."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हटलं, "आई, हे माझ्यावर पाळत ठेवतात."

"तुझ्याकडे लपवण्यासारखं काही आहे का?" त्या म्हणाल्या. "नाही ना? मग ठेवू दे."

यजमानांचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं. ते म्हणाले, गाडी नवीन आहे, बिघाड झाला तर घरात कोणाला तरी कळावं म्हणून दिलंय, त्यात काय एवढं. मग आवाज तुटायला लागला. खरंच तुटला की त्यांनी तोडला, ते मी आजही सांगू शकत नाही.

त्यानंतर मी जे केलं ते आता आठवलं की मला माझाच वैताग येतो, पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. मी दिरांना म्हटलं, होऊन जाऊ दे एकदा. एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी. तुम्ही क्रूझवर चालवा, मी पायाने चालवते. पंपावर टाकी फुल्ल करून मोजू. माझं पेट्रोल कमी लागलं तर ते गाडीचं अ‍ॅप तुमच्या फोनमधून काढायचं. ते लगेच तयार झाले. त्यांना हरण्याची शक्यताच वाटत नव्हती.

रविवारी सासूबाईंना विवळवेढ्याला देवीच्या दर्शनाला जायचं होतं, म्हणून त्या बरोबर आल्या. दर्शन झालं, आणि मग चारोटीजवळच्या पंपावर आम्ही टाकी भरली. पाइपचा खटका पडेपर्यंत, पुढे एक थेंब नाही, असं ठरलं. तिथून तलासरीच्या पुढे अच्छाडपर्यंत जायचं, वळायचं आणि परत त्याच पंपावर यायचं. एसी दोघांचा सारखा. वेग जास्तीत जास्त ऐंशी.

आधी दीर बसले. हायवेला लागताच बटण दाबलं आणि दोन्ही पाय मागे घेऊन मला दाखवले. "बघा, काटा हलतो का."

काटा हलत नव्हता. पण पुढे उजव्या लेनमध्ये एक कंटेनर रमतगमत चालला होता. दिरांना ब्रेक मारावा लागला, क्रूझ सुटलं. डावीकडून त्याला ओलांडून त्यांनी पुन्हा बटण दाबलं, तशी ऐंशी गाठायला गाडीने एकदम गुरगुरत उचल खाल्ली. सासूबाई मागे प्रसादाची पिशवी छातीशी धरून सीटला टेकल्या. थोडं पुढे गेलो तर टँकर. पुन्हा ब्रेक, पुन्हा बटण, पुन्हा गुरगुर. रस्त्याच्या कामासाठी एका ठिकाणी सगळी वाहतूक एका बाजूने सोडली होती, तिथेही तेच. चढ आला की गाडी वेग सोडायला तयार नसायची, आपल्या आपण जोर लावायची. दीर ट्रकवाल्यांना शिव्या द्यायला लागले, आई मागे बसलीय हे विसरून.

तलासरी गेल्यावर मात्र रस्ता मोकळा मिळाला. तेवढ्या पट्ट्यात गाडी अशी चालली की पोटातलं पाणी हलू नये. तिथे मी मनात कबूल केलं की सपाट, रिकाम्या रस्त्यावर कोणाचाही पाय याच्याहून चांगलं करू शकणार नाही. तोंडाने कबूल केलं नाही.

परत आल्यावर टाकी भरली. मग मी बसले. मी डाव्या लेनमध्ये एका ट्रकच्या मागे, भरपूर अंतर ठेवून लागले. तो सत्तरच्या आसपास होता, मीही तेवढीच. दूरवर लाल दिवे दिसले की पाय उचलायची. दीर शेजारी बसून फोनमध्ये बघत होते.

"ऐंशीचं ठरलं होतं."

"जास्तीत जास्त ऐंशी ठरलं होतं."

"ही चीटिंग आहे, वहिनी. हळू चालवलं तर कोणालाही जास्त अ‍ॅव्हरेज येईल."

त्यात थोडं तथ्य होतं, हे मला माहीत होतं. पण सांगायचं तर तेवढ्या सगळ्या धडपडीनंतर त्यांचा आणि माझा वेळ शेवटी जवळपास सारखाच भरला. आरशात बघितलं तर सासूबाई झोपल्या होत्या.

पंपावर खटका पडला. माझं पेट्रोल कमी लागलं होतं, थोडंफार नाही, चांगलं दिसण्याइतकं. दिरांनी मशीनवरचा आकडा वाचला आणि पंपावरच्या माणसाला म्हणाले, "अजून टाक. हवा अडकली असेल."

त्याने पुन्हा पाइप लावला. लगेच खटका. तेव्हा दीर गाडीच्या मागे गेले आणि दोन्ही हात डिकीवर ठेवून गाडी गदागदा हलवायला लागले, आत राहिलेली जागा भरावी म्हणून. सासूबाई आत झोपलेल्या. त्या दचकून जाग्या झाल्या आणि घाबरून विचारलं, "काय धडकलं?"

"काही नाही, आई," मी म्हटलं. "भावजी पेट्रोल मोजतायत."

रांगेतला एक रिक्षावाला हसला. त्या हसण्याची किंमत मला पुढे बरेच दिवस मोजावी लागली. घरी येताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, की तापलेली गाडी आधी त्याने थंड केली, म्हणून त्याला जास्त लागलं. एसी दोघांचा सारखा होता. मी म्हटलं, "हो, आई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओटीवर आले. दिरांनी अ‍ॅव्हरेज विचारला नाही. ते म्हणाले, "आज बोर्डीत दोनदा जोरात ब्रेक मारलात."

त्यांनी काहीही काढलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, ती शर्यत नीट झालीच नाही. मी जिंकले काय आणि हरले काय, त्यांनी हेच केलं असतं. त्या क्षणी मला त्यांचा जो तिरस्कार वाटला तो अजून कमी झालेला नाही, आणि कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

पावसाळ्यानंतर यजमान सुट्टीवर आले. आल्यानंतर दोन दिवसांनी त्यांचं तलासरीला काम निघालं आणि ते माझ्याबरोबर गाडीत बसले. वाटेत फोन काढून ते तेच अ‍ॅप बघायला लागले. "तुझे गुण तर भारी आहेत," ते कौतुकाने म्हणाले. "तुझ्या भावजींपेक्षा कितीतरी जास्त."

मी झरीत गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"त्यांच्या फोनमधून ते काढा."

"घरी गेल्यावर बघू."

"इथे बघा. ओटीपी तुमच्याच नंबरवर येतो."

"अगं, त्याला वाईट वाटेल. तो माझा भाऊ आहे, परका नाही."

"मला वाईट वाटतंय ते?"

त्यांनी काचेबाहेर बघितलं. मग म्हणाले, "घरात वाद नको. मी थोडेच दिवस आहे."

मी डबा आणि पर्स घेतली आणि उतरले. चावी गाडीतच राहू दिली. त्यांना वाटलं असेल मी दोन पावलं चालून परत येईन. तेवढ्यात तलासरीकडे जाणारी जीप आली. बाजाराला निघालेल्या बायकांनी भरली होती. त्यांनी सरकून मला जागा दिली. माझ्या मांडीवर कोणाची तरी भाजीची टोपली आली. मागे वळून मी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी यजमानांनी दिरांच्या फोनमधून ते काढून टाकलं. दीर उरलेली सगळी सुट्टी भावाशी बोलले नाहीत. सासूबाईंनी दोन्ही मुलांना काही न म्हणता दोष मला दिला, की घर फोडलं. यजमान चावी घेऊन माझ्याकडे आले.

"आता फक्त माझ्या फोनमध्ये आहे. तेवढं तरी राहू दे ना."

"राहू दे," मी म्हटलं. "गाडीही राहू दे."

मी काही महिने पुन्हा एस.टी. आणि जीपने गेले. मग दवाखान्यातल्या एका बाईंच्या ओळखीने घोलवडच्या एका कुटुंबाची जुनी छोटी गाडी घेतली, माझ्या नावावर. तिला स्क्रीन नाही, क्रूझ नाही. काच हाताने खाली करावी लागते. मोठी गाडी दिरांकडे गेली. ते आता उंबरगावला ट्रेनने न जाता गाडीने जातात, आणि त्यांच्या भावाच्या फोनवर त्यांचा प्रवास दिसतो. त्यावरून दोघा भावांत काय बोलणं होतं ते मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत आम्ही समोरासमोर आलो. मी कामावरून येत होते, ते बाहेर निघाले होते. दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं आणि गल्ली एवढी अरुंद, की एकाला मागे जावंच लागतं. त्यांना मागे घराचं फाटक अगदी जवळ होतं. मला सगळी गल्ली मागे जावं लागलं असतं, थेट रस्त्यापर्यंत. त्यांनी हॉर्न वाजवला. मी हात स्टिअरिंगवरून खाली घेतले.

हॉर्न ऐकून सासूबाई फाटकात आल्या. त्यांनी दोन्ही गाड्या बघितल्या आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "तू घे गं मागे. त्याला उशीर होतोय."

मी इंजिन बंद केलं. काच खाली करून म्हटलं, "मी नाही घेणार, आई."

दीर काचेमागून माझ्याकडे बघत होते. मीही बघत राहिले. मागे शेजारच्यांची बाइक येऊन उभी राहिली, ती माझ्या मागे. आता मला मागे जाताच आलं नसतं. दिरांनी मान वळवली, गिअर टाकला आणि गाडी मागे घ्यायला लागले. रागात वळण चुकलं. फाटकाच्या खांबाला डावी बाजू घासत गेली, मागच्या चाकापासून दारापर्यंत.

ते अंगणात मागे गेल्यावर मी गाडी सुरू केली, त्यांच्या शेजारून आत नेली, शेडखाली लावली. सासूबाई खांबाजवळ उभ्या राहून पत्र्यावरून बोट फिरवत होत्या. मी आत जाऊन भाताचं आधण ठेवलं.